अकरा प्रश्न

आधी एक गोष्ट सांगून टाकतो: मी कायदा मोडलेला नाही. हे माझं मत नाही. इन्स्पेक्टर नेस्बिटबाईंनी माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्याच कपातून कॉफी पीत हे सांगितलं. "मिस्टर टॅकेट, तुम्ही काहीही बेकायदा केलेलं नाही." तीनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा मला वाटलं, ही बाई मला धीर देत नाहीये, कुरकुर करतेय.

माझं नाव व्हर्जिल टॅकेट. वय एकाहत्तर. पस्तीस वर्षं लारकिन काउंटीच्या पशुखाद्याच्या गिरणीत पोती उचलली, गुडघे गेले तसा घरी बसलो आणि बंदुकांचा नाद लागला. नाद म्हणजे घ्यायच्या, तेल-पाणी करायचं, कंटाळा आला की विकायच्या. आमच्याकडे केंटकीत यात कोणाला काही वाटत नाही. महिन्यातून एकदा जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या शेडमध्ये बाजार भरतो. तिथे दोन तऱ्हेचे लोक विकायला बसतात. एक परवानेवाले दुकानदार. ते गिऱ्हाइकाकडून फॉर्म भरून घेतात, सरकारात फोन लावतात, तिकडून होकार आला की माल देतात. दुसरे आम्ही, घरातली वस्तू विकणारे. आम्हाला ना फॉर्म, ना फोन. माझ्या टेबलावर एक पाटी असते, माझा मित्र हॉबर्टने रंगवलेली: 'खाजगी संग्रह. कागद नाही, कटकट नाही.' आपल्या माणसाकडे कागद मागणं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच. शेजारणीला वाटीभर साखर देताना कोणी पावती फाडतं का?

पण म्हणून मी वाटेल त्याच्या हातात पिस्तूल ठेवतो असं समजू नका. माझी माझी तपासणी आहे. मी माणूस बघतो. गिरणीत रोज शंभर शेतकरी यायचे. कोण उधारी बुडवणार हे मला ट्रकमधून उतरण्याच्या पद्धतीवरून कळायचं. ज्याच्याबद्दल मन खातं त्याला मी विकत नाही. 'गिऱ्हाईक ठरलंय' म्हणतो आणि वाटेला लावतो. ही माझी पद्धत. हिचा मला फार अभिमान होता.

तर नेस्बिटबाई एप्रिलमध्ये आल्या. नव्वद मैलांवर मिलब्रुक नावाचं शहर आहे, तिथल्या एका पेट्रोलपंपावर संध्याकाळी सहाच्या सुमाराला दरोडा पडला. तोंडाला फडकं बांधलेला एक उंच माणूस आला, गल्ला घेतला आणि गल्ल्यावरच्या बाईच्या मानेत गोळी घालून गेला. जोलीन प्रुइट तिचं नाव. बावन्न वर्षांची. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. पिस्तूल मागच्या गटारात सापडलं. त्याच्या नंबरावरून पोलिसांनी कारखाना गाठला, कारखान्यावरून दुकान, दुकानातल्या फॉर्मवरून मी. सव्वीस वर्षांपूर्वी मी ते नवंकोरं घेतलं होतं, चांगलं सही-बिही करून.

"आणि इथे रस्ता संपतो," बाई म्हणाल्या. "पुढे कागदच नाही. त्यापुढे फक्त तुम्ही आहात. म्हणजे तुमची आठवण."

"आठवण पक्की आहे माझी," मी म्हणालो.

माझी बायको आर्डिथ बेसिनपाशी भांडी विसळत होती. तिने मागे न बघता विचारलं, "काल चष्मा कुठे सापडला?"

चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. पण ती वेगळी गोष्ट.

मी डोळे मिटले आणि मला सगळं लख्ख दिसलं. फेब्रुवारीचा बाजार. उंच माणूस, तिशी-पस्तिशीचा, हिरवं जॅकेट, डाव्या भुवईत खोक पडल्याची जुनी खूण. पिस्तूल दोन्ही हातांनी उचललेलं, नळी खाली, बोट बाहेर. मिलब्रुकच्या अलीकडे टायरच्या दुकानात काम करतो. मालकाचं नाव गिल्बर्ट. बायको वृद्धाश्रमात पाळीने काम करते. एवढं सगळं मी घडाघडा सांगितलं. बाई लिहून लिहून थकल्या. म्हणाल्या, इतका चांगला साक्षीदार दहा वर्षांत भेटला नाही. मी आर्डिथकडे बघितलं. ती भांडीच विसळत होती.

"काळा होता?" बाईंनी विचारलं.

"हो. पण त्याच्यामुळे नाही लक्षात राहिला," मी म्हणालो. हे मला कोणी विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी त्यांनी सहा फोटो आणले. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "किती खात्री आहे?" "शंभर टक्के." त्याचं नाव रोलँड एम्ब्री. त्याच संध्याकाळी उचलला त्याला. दरोड्याच्या वेळी कुठे होतास म्हटलं तर म्हणे घरी, टीव्ही बघत. सोबत कोण? कोणी नाही, बायको कामावर. पिस्तूल घेतलंस? नाही, बघितलं फक्त, म्हाताऱ्याने विकलं नाही. आता असं तर कोणीही म्हणेल.

नंतरचे दोन आठवडे मी गावात ताठ मानेने हिंडलो, खोटं कशाला सांगू. सकाळी कॉफीला बसलो की हॉबर्ट सगळ्यांना ऐकवायचा, "आमच्या व्हर्जिलचे डोळे म्हणजे कॅमेरा आहे, बाबा. लग्नाच्या वेळी तेवढी फिल्म संपली होती." सगळे हसायचे, मीही हसायचो. एकाने मात्र विचारलं, "पण व्हर्जिल, तुला तो इतका वाईट दिसला तर तू विकलंस कशाला?"

मी म्हणालो, "तेव्हा नव्हता दिसला."

"मग आता कसा काय इतका आठवतो?"

मी कॉफी प्यायलो. कॉफी गार झाली होती.

तिथून डोक्यात भुंगा शिरला. कारण मला आठवत होतं की तो मला पसंत पडला नव्हता. पहिल्या मिनिटापासून. आणि पसंत न पडलेल्याला मी विकत नाही. मग याला कसं विकलं? मी मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा चालवून बघितलं. तो पिस्तूल उचलतो, मी प्रश्न विचारतो, तो उत्तरं देतो. मग एक हात पैसे पुढे करतो. तो हात कोणाचा? हिरव्या जॅकेटचा असायला हवा. बाही दिसेना. जितकी बघायला जावी तितकी ती धूसर. दाढी करताना बघितली, प्रार्थनेत बघितली. पाद्री काय बोलले मला ठाऊक नाही. कधी वाटायचं हिरवीच होती, कधी वाटायचं मीच ती आत्ता हिरवी रंगवतोय.

"मला तो पसंत का नव्हता पडला गं?" एका सकाळी आर्डिथला विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझी तपासणी, तुला माहीत."

"हिरवं जॅकेट होतं. तसलं सैनिकी."

"तुझं कुठल्या रंगाचं आहे?"

खुंटीवर माझं जॅकेट होतं. हिरवं. सैनिकी. मी विषय बदलला.

त्याच दिवशी दुपारी पायरीवर बसून सफरचंद सोलत होतो. आर्डिथ शेजारी येऊन बसली आणि माझ्या हातातल्या चाकूकडे बघत राहिली. हाडाच्या मुठीचा, घडीचा, छान वजनदार चाकू. दोन महिने खिशात होता.

"हा कुठला?"

"हॉबर्टने दिला. बाजारात."

"हॉबर्टने? तो फुकटात सर्दी देणार नाही कोणाला, चाकू कुठला देतोय!"

मी हॉबर्टला फोन लावला. तो म्हणाला, "मी दिला? उलट तू मला दाखवून हिणवत होतास, बघ कसा सौदा केला म्हणून. तुझ्या त्या पिस्तूलवाल्याला पन्नास कमी पडत होते ना? त्या बदल्यात घेतलास."

मी चाकू उलटा केला. पात्याच्या मुळाशी बारीक अक्षरं कोरलेली होती, मी चष्मा लावून कधी वाचलीच नव्हती. आर्डिथने वाचली. 'लोन ओक स्वयंसेवी अग्निशमन दल. पन्नास वर्षं.' लोन ओक इथून बारा मैल. आग लागली की शेतातनं, दुकानातनं उठून धावणारी पोरं. दलाला पन्नास वर्षं झाली तेव्हा प्रत्येकाला एकेक चाकू दिला होता, पेपरात आलं होतं. बाहेरच्याला नाही. मिलब्रुककडच्या टायरवाल्याकडे तो असायचं काही कारण नव्हतं.

मग हात दिसला. बाही नाही, नुसता हात. मनगटावर तांबूस लव, तपकिरी ठिपके. "पन्नास कमी पडतायत सर, पण हा घ्या, चांगलाय." डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी. बाहेर ट्रकमध्ये कुत्रं भुंकत होतं. चेहरा? चेहरा नाही. टोपीखाली काहीच नाही. अशी पोरं आमच्याकडे पैशाला पासरी; माझ्या बहिणीची तीन तशीच आहेत. आपलंच पोर म्हणून मी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. बघितलं ते दुसऱ्याकडे. त्याला मी न्याहाळला, उलटापालटा केला, त्याचं नाव-गाव काढलं, 'गिऱ्हाईक ठरलंय' म्हणून खोटं सांगितलं. तो "बरं, सर" म्हणाला आणि गेला. वीस मिनिटांनी टोपीवाला आला.

असंच झालं असावं. असावं म्हणतो, कारण शंभर टक्के हा शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही.

"आर्डिथ," मी म्हणालो, "मी चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय बहुतेक."

"बहुतेक काय? चप्पल घाल."

पोलीस ठाण्यात नेस्बिटबाईंनी चाकू प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं गिरणीत खराब मका आणणाऱ्याकडे मी बघायचो.

"पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही शंभर टक्के म्हणालात."

"हो."

"आज किती?"

"आज मला टक्के सांगता येत नाहीत."

"मिस्टर टॅकेट, त्या माणसाविरुद्ध आमच्याकडे दुसरं काहीही नाही. हे कळतंय ना तुम्हाला? फक्त तुम्ही. मी लिहू काय? आधीचा व्हर्जिल टॅकेट खरा, का आताचा?"

"आताचा," मी म्हणालो. "आताचा गोंधळलेला आहे, पण तोच खरा." बोलताना लाज वाटली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि स्वतःच्या डोक्यातलं काय खरं ते सांगता येईना. वर भीती वाटत होती की एम्ब्रीच खरा असला तर? मग मी खुन्याला सोडवायला आलोय. चाकूपुरतं मी खात्रीने बोलू शकत होतो. माणसापुरतं नाही.

दलात बावीस माणसं होती. एकवीस जणांनी आपापले चाकू दाखवले. बाविसावा ब्रेंट सायझमोर, चोवीस वर्षांचा, गवताचे भारे बांधणारा. त्याने लगेच कबूल केलं. लपवायचं काय होतं, त्यानेही कायदा मोडला नव्हता. हो, टॅकेटकाकांकडून घेतलं. नऊ दिवसांनी विकलं, ट्रकचा गिअर दुरुस्त करायचा होता. कोणाला? फोनवर जाहिरात टाकली होती, एका दुकानाच्या वाहनतळावर भेट ठरली. माणसाचं नाव? विचारलं नाही. दिसायला? उंच होता. टोपी होती. काळा का गोरा? गोरा. आणखी काही?

"चांगला वाटला," सायझमोर म्हणाला.

बाईंनी हे मला फोनवर वाचून दाखवलं. मी विचारलं, मग पुढे? त्या म्हणाल्या, पुढे काही नाही. जाहिरात काढून टाकली होती, तो नंबर बंद होता. कागद नाही. त्या उंच माणसानेच गोळी झाडली, का त्याने आणखी कोणाला विकलं, हे देवाला ठाऊक. मग मी ते मूर्खासारखं विचारलं. "म्हणजे माझी चूक नक्की कुठे झाली?" बाई म्हणाल्या, "तुम्ही बेकायदा काही केलेलं नाही, मिस्टर टॅकेट." ही चौथी वेळ.

मला हे अजून उलगडत नाही. मी नियमाने वागलो, सायझमोर नियमाने वागला, आणि जोलीन प्रुइट मेली. एका टोकाला माझी सही आणि दुसऱ्या टोकाला ती बाई, आणि मधे सगळे चांगले वाटलेले लोक. यातला वाईट कोण, ते मला बोट ठेवून दाखवा. पण माझं बोट कुठे पडलं होतं ते तुम्ही बघितलंच.

एम्ब्रीला एकोणीस दिवसांनी सोडला. तोवर गिल्बर्टने टायरच्या दुकानात दुसरा माणूस ठेवला होता.

रविवारी चर्चहून आल्यावर आर्डिथने सुक्या सफरचंदांचा थराथरांचा केक फडक्यात बांधला आणि ट्रकमध्ये ठेवला. आमच्याकडे हा केक लग्नात नेतात, नाहीतर मर्तिकाला. मी म्हटलं, तूही चल ना दारापर्यंत. ती म्हणाली, "मी ट्रकमध्ये बसते. शेण तू खाल्लंस, केक तू दे."

एम्ब्रीचं लहानसं पांढरं घर, अंगणात पोरीची सायकल आडवी पडलेली. दार त्यानेच उघडलं. हिरवं जॅकेट नव्हतं. घरात होता, कशाला असेल. भुवईतली खूण मात्र होती. तेवढी मी बरोबर सांगितली होती.

"मिस्टर एम्ब्री, मी व्हर्जिल—"

"ओळखलं."

"मी तुमची माफी मागायला आलोय." बाजारात मी त्याला 'तू' म्हणालो होतो. हे त्याच्याही लक्षात आलं असणार.

तो बाहेर आला आणि दार मागे ओढून घेतलं, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. खांबाला टेकला. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्याही चेहऱ्यावर तेच होतं जे मी रोज आरशात बघतो. एक हिशेब जुळत नाही आणि कोणाला विचारावं कळत नाही.

"आत असताना वेळच वेळ होता," तो म्हणाला. "तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवला. म्हटलं, माझं काय चुकलं? मी तर पिस्तूल घेतलंच नाही. तुम्ही मला अकरा प्रश्न विचारलेत, सर. मोजलेत मी. कुठे राहतोस, कुठे कामाला, किती वर्षं, मालकाचं नाव काय, आधी कुठे होतास, लग्न झालंय का, बायको काय करते, मुलं किती, कोणाबरोबर आलास, पिस्तूल कशाला हवंय, याआधी चालवलंयस का. मी अकराच्या अकरा खरी उत्तरं दिली. म्हटलं, म्हातारे आहेत, काळजीने विचारतायत, विचारायलाच पाहिजे. आणि त्याच उत्तरांवरून पोलीस सरळ माझ्या दारात आले. खोटं बोललो असतो तर सापडलो नसतो."

केक जड झाला होता.

"एकच विचारायचंय," एम्ब्री म्हणाला. "ज्याला विकलंत, त्याला काय विचारलंत?"

आणि तेव्हा, इतके दिवस अडून बसलेली माझी आठवण सरळ उभी राहिली. टोपी, ठिपक्यांचा हात, बाहेरचं कुत्रं, चाकूवर खूश होऊन हसणारा मी. टेबलाखाली वाकलो होतो, गुडघा दुखला होता, आणि खालूनच मी ओरडून विचारलं होतं. त्या सगळ्या सौद्यात मी त्याला तेवढंच विचारलं.

"खोकं हवंय का, असं विचारलं," मी म्हणालो. "मूळचं खोकं होतं माझ्याकडे."

एम्ब्री खांबापासून सरळ झाला.

"मग?"

"हो म्हणाला. खोक्यासकट दिलं."